उजव्या कोपऱ्यातल्या अक्षता

वाल्मिकचं पोट डागांवर चालतं. सिल्वासाजवळच्या खडोलीच्या एका कापड कंपनीत तो तपासणीच्या टेबलावर उभा असतो. खालून ट्यूबलाइट, वरून सरकत जाणारं कापड, आणि त्याने नुसतं बघायचं. गाठ दिसली, तेलाचा ठिपका दिसला, धागा तुटलेला दिसला की मशीन थांबवून खडूने खूण करायची. फारच वाईट तुकडा असेल तर कापून खालच्या पिंपात टाकायचा आणि पुढे चालायचं. सोळा वर्षं हेच केल्यावर माणसाचं काय होतं ते त्याच्या बायकोला विचारा. लग्नाच्या पंगतीत त्याला वाढप्याच्या शर्टावरचा डाग आधी दिसतो, पानातली जिलेबी नंतर. "देवळात गेले तरी हे मूर्तीवर डाग शोधतील," असं कावेरी म्हणते, आणि त्यात फारसं खोटं नाही.

असल्या माणसाला जुने सिनेमे साफ करायचा नाद लागावा यात नवल नव्हतं. जगात अशी खुळी माणसं बरीच आहेत. ज्या सिनेमांना कुणी वाली उरला नाही त्यांच्या जुन्यापान्या डीव्हीडी जमवायच्या, त्यातलं चित्र संगणकावर उतरवून घ्यायचं आणि स्क्रिप्ट लिहून ते धुऊन काढायचं. स्क्रिप्ट म्हणजे तरी काय, मशीनला दिलेल्या हुकमांची यादी. इथल्या आडव्या रेघा काढ, इथला उडालेला रंग सावर, इथला कचरा पूस. मग मशीन मान खाली घालून सिनेमाची पावणेदोन लाख चित्रं एकामागून एक धूत बसतं. वाल्मिकचा संगणक कंपनीच्या ऑफिसने मोडीत काढलेला. सिल्वासाच्या आमली भागातल्या दोन खोल्यांपैकी बाहेरच्या खोलीत तो सकाळी पहिल्या शिफ्टला जाताना चालू व्हायचा आणि दिवसभर धापा टाकत राहायचा. कावेरी त्याला सवत म्हणायची.

हे सगळं तो ज्या एका सिनेमासाठी शिकला त्याचं नाव सांगून उपयोग नाही, तुम्ही तो पाहिलेला नसणार. बनवणाऱ्यांच्या घरच्यांनी तरी पाहिला असेल की नाही, शंकाच आहे. एकोणऐंशी साली साक्रीकडच्या एका गावात त्याचं शूटिंग झालं, मुंबईत तो आठवडाभर लागला आणि उतरला, खानदेशात तर आलाच नाही. पुढे सत्तावीस वर्षांनी धुळ्याच्या बसस्टँडबाहेर वाल्मिकला त्याची डीव्हीडी सापडली. झिजलेल्या रिळावरून कुणीतरी कशीबशी उतरवलेली होती. सिनेमाभर पांढरे ठिपके नाचत होते आणि माणसांच्या चेहऱ्यांवरून ओरखडे धावत होते. त्या सिनेमात एक तास बारा मिनिटांवर एक लग्न आहे, बारा सेकंदांचं. नायक गर्दीत उभा राहून परक्याचं लग्न बघतो आणि उदास होतो, एवढंच त्याचं काम. पण लग्न खरं आहे. नवरी म्हणजे वाल्मिकची आई आक्काबाई, वय वर्षं सतरा, आणि नवरा म्हणजे त्याचा बाप चिंधा.

चिंधा काविळीने गेला तेव्हा वाल्मिक तीन वर्षांचा होता. घरात बापाचा एक फोटो नाही. तोंड म्हणून जे काही त्याच्याजवळ होतं ते एवढंच, मुंडावळ्यांच्या आड, बारा सेकंद, आणि तेही ठिपक्यांखाली. लहानपणी लोक म्हणायचे, तू अगदी चिंध्यावर गेलास. तो आरशात बघायचा आणि त्याला काही कळायचं नाही.

सिल्वासाला आल्यापासून रविवारचा एक नेम ठरून गेला होता. जेवणं झाली की आक्काबाई टीव्हीपुढे फतकल मारून बसायची आणि लेकाला म्हणायची, "भाऊ, मनं लगीन लाव." वाल्मिक डीव्हीडी लावून थेट त्या जागेवर न्यायचा. ती ते बारा सेकंद बघायची, "पुन्हा" म्हणायची, पुन्हा बघायची. मग पदराने तोंड पुसून उठायची आणि आठवडाभर त्या गोष्टीचं नाव काढायची नाही. आई बापाला बघते असं वाल्मिक अठरा वर्षं धरून चालला होता. त्यात विचारण्यासारखं काही असेल असं त्याच्या मनात कधी आलं नाही.

गेल्या वर्षी डीव्हीडी दगा द्यायला लागली. कडेने तांबूस डाग चढले, चित्र अडकायला लागलं. वाल्मिकने तीन दिवस झटून, ड्राइव्हच्या नाकदुऱ्या काढून सगळा सिनेमा संगणकावर उतरवून घेतला. त्यानंतर ती चकती कुठल्याच ड्राइव्हने ओळखली नाही. पण आता फिकीर नव्हती, सिनेमा आपल्या हातात होता.

या नादातल्या लोकांचा मोबाइलवर एक ग्रुप आहे, चाळीसेक जणांचा. त्यात वरुण नावाचा पुण्याचा इंजिनिअर होता, राहायला सिल्वासातच, डोकमर्डीला. चाळिसांतला एक जण आपल्याच गावात निघाला याचं दोघांनाही अप्रूप वाटलं होतं. वरुणनेच वाल्मिकला स्क्रिप्ट लिहायला शिकवलं. कचरा पुसायचा हुकूम कसा चालतो तेही त्यानेच एकदा घरी बोलावून, चहा पाजून समजावलं होतं.

"सोपं आहे, वाल्मिकभाऊ. मशीन तीन चित्रं शेजारी शेजारी ठेवून बघतं. मधल्या चित्रात जो ठिपका आहे तो मागच्यातही नाही आणि पुढच्यातही नाही, म्हणजे तो खरा नाही. रिळावर बसलेली धूळ. पुसून टाकायची. फक्त दोन गोष्टी सांभाळा. पाऊस, ठिणग्या, असं काही उडत असेल तिथे हा हुकूम बंद ठेवा, नाहीतर तेही पुसेल. आणि मूळ फाइल कधी उडवू नका."

वाल्मिकने पहिली गोष्ट मनापासून पाळली. सिनेमा पुन्हा बघून त्याने वहीत लिहून काढलं. पाऊस कुठेच नव्हता. लोहाराच्या भट्टीवर एक मारामारी होती, तिथे ठिणग्या होत्या. तेवढ्या जागी हुकूम बंद केला. बाकी सगळीकडे जोरात चालवला, कारण बापाच्या तोंडावर एकही ठिपका त्याला नको होता.

पाच महिने लागले. आणि एका संध्याकाळी शिफ्टवरून येऊन, पाय न धुता त्याने ते लग्न लावलं आणि त्याला बाप दिसला. वरचा ओठ जरा तोकडा, डाव्या भुवईत खाच, हसू दाबताना उजवा गाल आत ओढलेला. कावेरी मागून आली. मग तिने नवऱ्याच्या गालाला बोट लावलं. "हे तुमच्यात आहे," ती म्हणाली. वाल्मिक त्या दिवशी जेवलाच नाही, इतका तो खूश होता.

त्याने ग्रुपवर त्या लग्नाचं एक चित्र टाकलं. असं चित्र टाकायची या लोकांत रीत आहे, मधोमध रेघ, डावीकडचा अर्धा भाग मूळचा मळका, उजवीकडचा अर्धा धुतलेला. चाळिसांपैकी तेहतीस जणांनी टाळ्या दिल्या.

मग संगणकातली जागा संपली. शेवटची, सगळ्यात चांगली फाइल तयार करायची तर काहीतरी उडवणं भाग होतं. वरुणचं बोलणं वाल्मिकला आठवत नव्हतं असं नाही. पण धुतलेलं कापड घडी घालून तयार असताना मळकं कोण जपून ठेवतं? त्याने साफ झालेला सिनेमा दोनदा पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिला, एखादा ठिपका राहिला का म्हणून. काय राहिलंय ते बघायची त्याला सवय. काय गेलंय ते बघायचं टेबलावर कुणी शिकवलेलं नव्हतं. मूळची फाइल त्याने उडवली आणि तिच्या जागेवर नवी बसवली.

रविवारी त्याने आईला बोलावलं. कावेरीने शेवया केल्या होत्या. आक्काबाई नेहमीच्या जागी बसली आणि वाल्मिक टीव्हीऐवजी तिच्या तोंडाकडे बघत राहिला. पडद्यावर अंतरपाट खाली आला, वाजंत्री सुरू झाली, चिंधाने हसू दाबलं. आक्काबाईने मान जराशी पुढे काढली. मग आणखी पुढे.

"पुन्हा," ती म्हणाली. त्याने पुन्हा लावलं.

"तांदूळ कोठे गयात?"

"काय?"

"तांदूळ, भाऊ. लोक हात उडवताहेत. हातातून काहीच पडत नही."

वाल्मिकने पाहिलं. मांडवातली पन्नास माणसं हात वर करत होती, मुठी उघडत होती, आणि मुठींतून काही निघत नव्हतं. तो हे बारा सेकंद शे-दोनशे वेळा बघून बसला होता. कापडावर इतकं बघितल्यावर डोळा फक्त डागच शोधतो, तसं त्याचं झालं होतं. त्याला बापाखेरीज काही दिसलंच नव्हतं. पण माणूस चूक कळल्या क्षणी कबूल करत नाही. तो हसून म्हणाला, "अगं, ते ठिपके होते. सगळा कचरा होता, रिळावरची धूळ. काढून टाकला. आता बघ, बा कसा लख्ख दिसतो."

"सगळा कचरा व्हता?"

"सगळा. मशीन चुकत नाही."

आक्काबाईने पडद्याच्या उजव्या कडेकडे बोट दाखवलं. मग तिने विचारलं, "आनि शेवटी उजवीकडून एक मूठ यायची, ती?"

"कुठली मूठ?"

तेव्हा तिने सांगितलं, पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा. मांडव, दिवे, वाजंत्री सगळं सिनेमावाल्यांनी फुकट दिलं होतं, म्हणून नवऱ्याकडची मंडळी हुरळून गेली होती. बदल्यात मंगलाष्टकं त्यांच्या सोयीने म्हणायची. एकदा लग्न लागलं, तर म्हणे माणसं मध्ये आली. दुसऱ्यांदा लागलं, तर म्हणे उजेड बरोबर नाही. तिसऱ्यांदा लावा म्हटल्यावर तिचा बाप उठला. "मना बा म्हने, लेकनं लगीन एकदाच लागस. ती काय बाहुली शे? आनि निंघी गया." गेला तो कॅमेऱ्याच्या अंगाने. तिसऱ्या वेळेपर्यंत रंगवलेल्या अक्षताही संपल्या होत्या. आचाऱ्याच्या पोत्यातले पांढरे तांदूळ वाटून काम भागवलं. सिनेमात आहे ते हे तिसरं लग्न.

बाप पाठवणीलाही आला नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, पहिल्यांदा माहेरी न्यायला माणूस येतो, त्याची ती वाट बघत होती. माणूस आला तो बाप वारल्याचा निरोप घेऊन. शेवटच्या, खऱ्या धरलेल्या लग्नात लेकीच्या डोक्यावर त्याने अक्षता टाकल्या नाहीत, असं सासरचे आणि माहेरचे दोघेही बोलले, आणि पुढे चिंधा अकाली गेला तेव्हा त्याचाही संबंध लोकांनी तिथेच लावला. ती ऐकून घेत राहिली. मग धुळ्याहून वाल्मिकने ती डीव्हीडी आणली. सगळ्यांचे हात थांबल्यावर, वाजंत्री सुरू झाल्यावर, पडद्याच्या उजव्या कोपऱ्यातून, खालच्या बाजूने, एक मूठ तांदूळ पसरत आलेले तिला दिसले. त्या अंगाला कॅमेरा होता. गावचं माणूस तिकडे एक नव्हतं, आणि सिनेमावाले काही अक्षता टाकत नव्हते.

"मना बा बी फोकायचा ना, तस्साच हात," ती म्हणाली आणि बसल्या जागी तिने हात कमरेपासून आडवा फिरवला. शेतात बी विस्कटतात तसा. "लोक वरून टाकतात. तो खालून, आडवा. मी म्हटलं, म्हातारा आला. मागे उभा ऱ्हायला, कोनाले दिसला नही, पन आला."

शेवयांची ताटली तिच्या पुढ्यात तशीच होती. ती उठली. उठताना गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "बरं झालं तू साफ केलं ते. मी अठरा वर्सं कचऱ्याकडे दखत बसली."

वाल्मिक तिच्या मागोमाग उठला. "आई, मी चुकीचं सांगितलं," तो म्हणाला. "त्या अक्षताच होत्या. उडत्या वस्तूला मशीन कचरा समजतं. एका चित्रात दाणा इथे, पुढच्यात तिथे, म्हणून ते—"

"ऱ्हाऊ दे, भाऊ. माले बरं वाटावं म्हनून सांगू नको."

मग पंधरा दिवस त्याने जे जे सुचलं ते केलं. मेलेली चकती वापीला एका दुकानात नेली, त्या माणसाने उजेडात धरून बघितली आणि मान हलवली. उडवलेली फाइल परत आणायचा प्रोग्राम चालवला, पण त्या जागेवर त्याने स्वतःच नवी फाइल बसवली होती. ग्रुपवर विचारलं, कुणाकडे हा सिनेमा आहे का. सगळ्यांकडे होता, सगळ्यांकडे वाल्मिकनेच पाठवलेला, धुतलेला.

एवढ्यात त्याला ते चित्र आठवलं, डावीकडे मळकं आणि उजवीकडे धुतलेलं. कंपनीच्या कॅन्टीनमध्ये उभ्या उभ्या त्याने मोबाइलवर ते शोधून काढलं. डाव्या अर्ध्यात ठिपके होते, भरपूर होते, हवेत थांबलेले पांढरे दाणे, नक्की अक्षताच. मधोमध रेघ. आणि उजवा अर्धा भाग, जिथून ती मूठ यायची तो, आरशासारखा स्वच्छ. त्याने स्वतःच तो निवडला होता, कारण त्या बाजूला बापाचं तोंड होतं. आपला बाप धुऊन घेताना त्याने आईचा बाप पुसून टाकला होता, आणि तेहतीस जणांनी त्याला टाळ्या दिल्या होत्या. चहा टेबलावर गार झाला.

त्याने ते अर्धं चित्र आईला दाखवलं. तिने चष्मा लावून निरखून पाहिलं. "हे बाकीच्यांचे," एवढंच म्हणाली आणि मोबाइल परत दिला. बाकीच्यांच्या अक्षता तिला कधी नकोच होत्या.

वरुणला त्याने सगळं सांगितलं. वरुण बिचारा मनापासून हळहळला. "मी म्हटलं होतं ना" हे वाक्य त्याच्या ओठांवर आलं असणार, पण तो बोलला नाही. म्हणाला, "वाल्मिकभाऊ, दाणे परत घालता येतील. आईंना विचारा, कुठून यायचे, किती यायचे. दोन संध्याकाळचं काम आहे. कुणाला फरक कळणार नाही."

वाल्मिकने आईला विचारलं, तेही थेट नाही, आडून आडून. ती विळीवर वांगी चिरत होती. म्हातारी शाळेत गेली नसली तरी आडून बोललेलं तिला सगळ्यांच्या आधी कळतं.

"तू टाकशील?"

"तू सांगशील तसे टाकीन. अगदी तसेच."

"मंग त्या तुन्या अक्षता झाल्या," ती म्हणाली. आवाज चढला नाही. "माले तुन्या कशाले पाहिजेत? तू मना बाप शे का?"

त्यानंतरचे तीन रविवार तिने लग्न लावायला सांगितलं नाही. जेवण झालं की भिंतीकडे तोंड करून आडवी व्हायची. तिला झोप लागलेली नसायची हे सगळ्यांना माहीत होतं. कावेरी भांडी हळू घासायची. टीव्ही बंद, संगणक बंद, आणि घरात बाहेरच्या टेम्पोंचे आवाज तेवढे.

चौथ्या रविवारी वाल्मिकला राहवलं नाही. आवाज बंद करून त्याने एकट्याने लग्न लावलं. या वेळी तो बापाकडे बघत नव्हता. कोपऱ्याकडे बघत होता, जिथे आता काहीच नव्हतं. हात थांबले, वाजंत्रीवाल्याने गाल फुगवले. आणि नवरीने मान फिरवली. सतरा वर्षांच्या आक्काबाईने डोक्यावरचा पदर सावरता सावरता झटक्यात त्या उजव्या कोपऱ्याकडे पाहिलं, थेट कॅमेऱ्याच्या बाजूला.

त्याने मागे नेऊन पुन्हा पाहिलं. दहा वेळा पाहिलं. रिळावरची धूळ नवरीला लागत नाही. धुळीने कुणी मान वळवत नाही. तिला काहीतरी लागलं म्हणून ती वळली, कुणीतरी तिकडून टाकलं म्हणून वळली. मशीनने दाणे पुसले, पण ती मान पुसायला त्याला जमलं नव्हतं.

"आई!" तो ओरडलाच. "आई, ऊठ. इकडे ये. सापडलं."

आक्काबाई उठून बसली. कावेरी ओल्या हातांनी मोरीतून बाहेर आली. वाल्मिकने आईला हाताला धरून टीव्हीपुढे आणलं आणि अगदी संथ करून ते दाखवलं, एकेक चित्र. पदर, हात, मान, डोळे. "बघ, तू तिकडे वळलीस. इथे. दाणे लागले म्हणूनच वळलीस ना? उगाच कोण वळेल? तुझा बा आला होता, आई. हा पुरावा आहे."

तिने पडद्यावरच्या त्या पोरीकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. तिच्या तोंडावर पहिल्यांदा माया आली, पण ती त्या पोरीसाठी होती, पुराव्यासाठी नव्हती. मग तिने वाल्मिकच्या हातातून रिमोट घेतला. तो कसा चालवायचा तिला माहीत नव्हतं, म्हणून नुसता धरून ठेवला.

"मी तं मना बा निंघी गया तवापासून तठेच दखत व्हते, भाऊ," ती म्हणाली. "सारखी मान वळवायची. तो येई म्हनीसन."